दाराला मिठी

महानंदाला एक्स-रेची डिग्री पुरी करायची होती आणि मला लोह्याला आमच्या दुकानात बसायचं होतं. लग्न एकमेकांशी झालेलं, म्हणून मी लातूरला गेलो. त्या वर्षांची गोष्ट खरं तर एवढीच. पण नात म्हणते, आजोबा, असं दोन ओळीत उरकू नका, सविस्तर लिहा. सविस्तर लिहायला मी सातवी नापास माणूस. दुकानाच्या पाटीवरचं आणि पोत्यावरचं वाचण्यापुरतं माझं वाचन. एका जागी बसून लिहायचं म्हटलं की पायाला मुंग्या येतात. महानंदा मेली तेव्हापासून तर घरात बसवतच नाही. 'वारली', 'देवाज्ञा झाली' असलं मला लिहिता येत नाही. गेल्या थंडीत ती मेली. नांदेडच्या या घरात मी आतल्या खोलीतून गच्चीवर जातो, गच्चीवरून खाली येतो, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारतो, परत येतो. पोरगा म्हणतो, दादा, दम धरा जरा. त्या शब्दावरून मला लातूर आठवलं, म्हणून तिथूनच सांगतो.

महानंदाचे वडील मुदखेडला रेल्वेत कारकून. पोरगी बारावी सायन्स झालेली, लातूरच्या कॉलेजात तिला जागा मिळालेली, विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी. अशी पोरगी माझ्यासारख्याच्या गळ्यात कशी पडली, असं लोक तेव्हा बी विचारायचे. कारण साधं होतं. आम्ही लिंगायत, ते बी लिंगायत, आणि आपल्यात शिकलेला पोरगा सापडेपर्यंत पोरीचं वय निघून जाईल अशी तिच्या आईला धास्ती. बैठकीत तिच्या वडिलांनी एकच मागणं घातलं, पोरीला शिक्षण पुरं करू द्या. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते पानाला चुना लावत होते.

"कसलं शिक्षन?"

"एक्स-रे काढायचं."

"त्याला डिग्री लागती? फोटूच काढायचा ना?"

"आतला फोटो असतो तो, आप्पासाहेब."

आप्पांनी पान तोंडात घातलं, सावकाश चघळलं. "शिकू द्या मग. पन नापास झाली त्या दिशी घरी. पुन्हा न्हाई म्हंजी न्हाई. आन् एकटी सून ठिवायची न्हाई आपल्यात, पोरगं बी जाईल लातूरला."

पोरगं म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही. महानंदाला बी विचारलं नसणार, पण तिला पाहिजे ते मिळालं होतं.

लातूरला आम्हाला एक खोली मिळाली, गूळ मार्केटच्या मागच्या अंगाला. घरमालकीण कडूबाई, नवरा नसलेली, शेळ्या पाळायची आणि सगळ्यांच्या घरात डोकवायची. खोलीला एक खिडकी, एक मोरी आणि जुन्या सागवानाचं दोन फळ्यांचं दार, चौकटीकडच्या अंगाला बी हात जाईल एवढी फट असलेलं. दिवसभर जवळच्या डाळ मिलची घरघर चालू. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, आपल्याच कानात काही तरी झालंय. मिल बंद झाली की उलट भीती वाटायची, काय झालं म्हणून. पाणी एक दिवसाआड, ते बी येईल तेव्हा. मी बादल्या घेऊन नळावर उभा राहायचो तेव्हा बायका गालात हसायच्या, कारण त्या रांगेत गडीमाणूस मी एकटाच. पुढं पुढं त्या मला नंबरात घेऊ लागल्या.

महानंदा पहाटे उठून भाकरी करायची. भाकरी थापताना ती हाडांची नावं पाठ करायची, इंग्रजीतली. एक थाप, एक नाव. क्लॅव्हिकल, स्कॅप्युला, स्टर्नम. तव्यावर भाकरी पलटली की दुसरी रांग. एखादं नाव अडलं की हात थांबायचा आणि भाकरी वाळून तिला चीर पडायची. आम्ही लई दिवस चिरा पडलेल्या भाकरी खाल्ल्या. संगं शेंगाची चटणी, तुरीचं वरण, आईनं लोह्याहून पाठवलेल्या येसराची आमटी. मला ती नावं ऐकून ऐकून पाठ झाली. आजही भाकरीचा आवाज आला की माझ्या तोंडात स्कॅप्युला येतं. सुनेला वाटतं म्हातारा बरळायला लागला.

त्या काळी एक्स-रे म्हणजे काचेसारखी काळी फिल्म असायची, अंधाऱ्या खोलीत पाण्यात बुडवून धुवायची. आताच्यासारखं कॉम्प्युटरवर लगेच दिसायचं नाही. तिच्या बोटांना त्या औषधांचा आंबूस वास असायचा, नखं पिवळी पडलेली. मी एकदा म्हटलं, भाकरीला वास येऊन राहिला. ती म्हणाली, "मग तुमी थापा." मी दोन दिवस थापल्या. तिसऱ्या दिवशी वास बरा वाटू लागला.

ती कॉलेजात गेली की माझं काय करायचं हा प्रश्न. मी मिलमध्ये पोती मोजायच्या कामाला लागलो, पण तिथं बी मन लागायचं नाही. लोह्याच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं, बोलायचं, शिव्या द्यायचं, गंमत असायची. मिलमध्ये नुसती धूळ. तुरीची टरफलं कानात, केसात, जेवणात. जेवणाच्या सुट्टीत मी चालत एसटी स्टँडवर जायचो आणि नांदेडची गाडी सुटताना बघायचो. गाडीवर वाटेतलं लोहा बी लिहिलेलं असायचं, तेवढं वाचायचो. बसायचो नाही. नुसती बघून परत यायचो, आणि उशीर झाला म्हणून शिव्या खायचो, अर्ध्या दिवसाचा पगार कापून घ्यायचो.

संध्याकाळी ती मला दारासमोर उभं करायची. परीक्षेत नुसतं लिहून भागत नाही, पेशंटला नीट उभं करून छातीचा फोटो घ्यावा लागतो, साहेबांसमोर. ती सवय करायला मी होतो. दाराची एक फळी बंद, एक उघडी. बंद फळीला माझी छाती टेकवायची, छाती आणि फळीच्या मधे स्टीलची ताटली, ती म्हणजे फिल्मचा डबा. हनुवटी वर. हात कमरेवर, तळवे बाहेर, कोपरं पुढं. "खांदे पुढं घ्या. अजून. अजून घ्या की." पाठीला दोन फाकी असतात, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, त्या बाजूला सरकल्या नाहीत तर फुप्फुसावर त्यांची सावली पडते, म्हणून ती माझे खांदे धरून असे ढकलायची की मला मिलच्या हमालाची आठवण व्हायची. कडूबाईनं एकदा ते बघितलं.

"का गं बाई, काय केलं यानं? दाराकडं तोंड करून उभं केलंय ते?"

"अभ्यास चालू हाय, मावशी."

"असला अभ्यास आमच्या येळी न्हवता," कडूबाई म्हणाली. "असता तर मी बी शिकले असते."

दवाखान्यात खऱ्या पेशंटांबरोबर तिला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो बोलण्याचा. फोटो घेताना पेशंटनं श्वास रोखून धरायचा असतो, नाही तर फोटो हलतो. शिकवणारे मास्तर पुण्याकडचे, ते 'श्वास रोखून धरा' म्हणायचे. खेड्यातला माणूस रोखून म्हटलं की डोळे रोखून बघत बसायचा. म्हणून ती आपल्या बोलीत म्हणायला लागली, "दम धरा." एक म्हातारा औशाकडचा, तिच्या या 'दम धरा'वर वळून म्हणाला, "धरलाय की बाई. सकाळपासनं रांगेत दम धरूनच बसलोय. अजून किती धरू?" आणि जोरजोरात श्वास घेत राहिला. आमच्याकडं दम धरणं म्हणजे थांबणं, सोसणं. ती हे सांगताना इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. पुढं ती 'तोंड मिटा, नाक मिटा' असं म्हणायला लागली. ते समजायचं लोकांना.

असं करत तिसरं वर्ष आलं. लेखी पेपर तिचे चांगले गेले. शेवटची ती साहेबांसमोरची परीक्षा. बाहेरून कुणी तरी मोठे साहेब आलेले. सकाळी ती शिरा खाऊन गेली आणि दुपारी आली तेव्हा चप्पल न काढता तशीच पाटावर बसली. मी पाणी दिलं. तिनं ते हातात धरलं, प्यायली नाही.

झालं ते असं. तिला पेशंट मिळाला मुरुडकडचा एक म्हातारा. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळाला विभूती, अंगात बंडी. खोकला होता. तिनं बघताक्षणी ओळखलं, बंडीच्या गळ्यातून शिवदारा, लिंगाचा दोरा, दिसत होता. म्हणजे छातीवर इष्टलिंग, चांदीच्या डबीत. तिला आम्ही करडगी म्हणतो, लिंबाएवढी असते. आमच्यात ज्याला दीक्षा झाली त्यानं ते लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. आणि एक्स-रेचा पहिला नियम, छातीवर धातू ठेवायचा नाही. दागिना, ताईत, बटन, सगळं काढायचं. तिला बटन काढायला लावता आलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, कुणाची गं तू?" तिनं माहेरचं आडनाव सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "आपलीच हायस की. मग तुला येगळं सांगायला नको." आणि करडगीवर हात ठेवून उभा राहिला.

ती म्हणाली, "त्यांनी असं म्हटल्यावर मी काय सांगू? काढा म्हणू?"

शिवाय तो म्हातारा दिसायला आप्पांसारखा. रुमाल तसाच, उभं राहणं तसंच. तिच्या नकळत डोक्यावर पदर गेला. खांदे पुढं ढकलायचे तर हात लावावा लागतो, आणि सासऱ्यासारख्या माणसाला हात लावायची सवय कुठं? लांबूनच म्हणाली, "खांदे पुढं घ्या, आजोबा." त्यांनी मान पुढं घेतली. फिल्म धुऊन लावली तर दोन्ही बाजूंनी पाठीच्या फाकींच्या सावल्या आणि मधोमध, काळजाच्या शेजारी, पांढरं अंडं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"इष्टलिंग आहे, सर."

मागं उभी पोरं फिसकन हसली. त्यांना त्या शब्दाचा दुसराच अर्थ माहीत. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "याच्या मागे गाठ असेल तर? तुमच्या श्रद्धेपायी हा माणूस मरेल." आणि नापास केलं.

साहेब चुकीचं बोलले असं मला तेव्हा बी वाटलं नाही, आज बी वाटत नाही. महानंदाला बी वाटलं नाही. म्हणूनच ती रडली नाही. रडायला कुणाचा तरी राग यावा लागतो. ती नुसती पाण्याचा तांब्या घेऊन बसून राहिली. परीक्षा पुन्हा देता येणार होती, सहा महिन्यांनी. पण आप्पांचा शब्द होता, नापास झाली त्या दिशी घरी.

मी कळवलं नाही, पण अशी गोष्ट कळवावी लागत नाही. लोह्याचा एक अडत्या तूर घेऊन लातूरला आला होता, त्यानं मिलमध्ये मला गाठून विचारलं, मी सांगितलं, त्यानं गावात सांगितलं. पुढच्या आठवड्यात आप्पा दारात. हातात रिकामी पिशवी. आमचं सामान भरायला आणली होती.

महानंदा मोरीच्या बाजूला सरकली, पदर घेऊन. आप्पा तिच्याशी सरळ बोलायचे नाहीत, ती त्यांच्याशी नाही. सगळं माझ्यातून. एकाच खोलीत तिघं, चार हातांवर, आणि मधे मी टपालासारखा.

"तिला म्हणावं सामान बांध," आप्पा म्हणाले. "दुपारची गाडी हाय."

"आप्पांना म्हणा, जेवून घ्या आधी," ती म्हणाली.

ते जेवणाला नाही म्हणाले नाहीत. पण जेवणाआधी पूजा. मी पाट मांडला, तांब्या ठेवला, कडूबाईच्या परसातून बेलाची पानं आणली. आप्पांनी विभूती लावली, गळ्यातला शिवदारा वर घेतला, करडगी उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसले. डोळे मिटलेले. डाळ मिलची घरघर चालू. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला मनात गाडी दिसत होती, लोहा लिहिलेली. त्या दिवशी आपण खरंच तिच्यात बसणार, असं मला वाटत होतं, आणि आनंद व्हायला पाहिजे तसा होत नव्हता.

महानंदा आप्पांच्या हाताकडं बघत होती. सासऱ्याच्या पूजेकडं सुनेनं असं टक लावून बघू नये, म्हणून मी खाकरलो. तिनं ऐकलं नाही. आप्पांनी डोळे उघडून लिंग पुन्हा करडगीत ठेवलं तेव्हा ती मला म्हणाली, "आप्पांना विचारा, आत्ता लिंग कुठं होतं?"

मी म्हटलं, "आप्पा, ती विचारती—"

"ऐकलं मी. बहिरा न्हाई. तळहातावर होतं म्हणावं."

"मंग तळहातावर असताना अंगावेगळं झालं का, विचारा."

आप्पांनी करडगीचं झाकण दाबलं. मग म्हणाले, "तळहात अंगातच अस्तो. तिला म्हणावं, लई शानी हाय."

"म्हंजी परीक्षेतल्या त्या आजोबांनी हातात धरलं असतं तर चाललं असतं."

"चाललं असतं. मंग सांगितलं का न्हाई तिनं?"

तिनं आपले हात कमरेवर ठेवून बघितले. मला म्हणाली, "हात कमरेवर ठेवायचे अस्तात. कमरेला लिंग कसं न्यायचं?"

आप्पांनी मान हलवली. बेंबीच्या खाली लिंग न्यायचं नाही, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत. "तेच तर," ते म्हणाले. "म्हणून सांगतो, आपल्या लोकाचं हे काम न्हाई. चल, ताट वाढ म्हणावं."

इथं मला महानंदाच्या मातीचं सांगायला पाहिजे, नाही तर राहून जाईल. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून माती देतात, आणि लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. तिची बोटं मिटत नव्हती. मी मिटवली. मातीचे विधी करणारे जंगम म्हणाले, राहू द्या. मी राहू दिलं नाही. त्या वेळी मला ती खोली आठवली, ते ताट, ती वाढायला उठली नाही ते.

ती उठली नाही. ती दाराकडं बघत होती. मग सरळ दारापाशी गेली, बंद फळीची कडी काढली, फळी अर्धी लोटली आणि मला म्हणाली, "आप्पांना म्हणा, या फळीला मिठी मारा."

"काय?" आप्पा म्हणाले.

"दोन्ही हात फळीच्या पलीकडं. पलीकडं तळहात जोडायचे, लिंग त्यात. छातीच्या उंचीला ऱ्हातंय. आन् मिठी मारली की खांदे आपसूक पुढं येत्यात. आमच्या पुस्तकात हाय असं, म्हाताऱ्या माणसासाठी. मला तवा सुचलं न्हाई."

आप्पांना हसावं की चिडावं कळेना. "त्या फळीला?"

"फिल्मचा डबा समजा म्हणा."

मला वाटलं आता पिशवी उचलतील. पण आप्पा दुकानदार माणूस. एखादी वस्तू चालत नाही हे सिद्ध करायला ते ती वापरून बघायचे, मग परत करायचे. "दाखव म्हणावं," ते म्हणाले, "जमत न्हाई ते मीच दाखवतो." त्यांनी बंडी नीट केली, शिवदारा गळ्यातून काढून करडगी मुठीत घेतली आणि दारापाशी गेले.

मी फळीच्या बाहेरच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. माझ्यासमोर लाकडाच्या कडेनं आप्पांचे दोन हात आले, शिरा वर आलेले, एकमेकांना शोधत. तळहात जुळले, मधे चांदीची करडगी. आतून महानंदाचा आवाज, "आप्पांना म्हणा, हनुवटी वर."

"हनुवटी वर," मी बाहेरून म्हटलं.

"हाय की वर."

"खांदे पुढं म्हणा."

"खांदे पुढं, आप्पा."

"अजून कुठं पुढं? दारात घुसू का?"

"अजून पाहिजेत म्हणा. फाकी सुटल्या न्हाईत."

मी आत आलो, आप्पांचे खांदे धरले, ढकलले. माझ्या ढकलण्यानं ते वर गेले, कानाला लागले. आप्पा फळीत तोंड घालून म्हणाले, "मारतोस का रं मला?" मी पुन्हा ढकलले. महानंदा म्हणाली, "असं न्हाई. असं न्हाई हो. खाली घेऊन पुढं." मी म्हटलं, "अगं, कसं ते—"

तिनं मला बाजूला सारलं. पदर डोक्यावरून सरकला होता, तो तिनं सावरला नाही. दोन्ही तळवे आप्पांच्या पाठीच्या फाकींवर ठेवले, खाली दाबले आणि पुढं लोटले. रोज माझे लोटायची तसे. एकदम, सहज. फाकी बाजूला गेल्या ते मला बंडीवरून दिसलं. "छाती भरून घ्या. तोंड मिटा, नाक मिटा," ती म्हणाली. सरळ आप्पांना. माझ्यातून नाही.

आप्पांनी छाती भरली आणि तोंड मिटलं.

मग आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. तिचे हात तिथंच राहिले. लग्नानंतर तीन वर्षांत तिनं आप्पांच्या हातात पाण्याचा तांब्या बी दिला नव्हता, पाटाजवळ ठेवायची. आणि आता ती सासऱ्याच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून, उघड्या डोक्यानं उभी. हात काढावा तर चूक, ठेवावा तर चूक. ती पुढचं बोलायचं विसरली. मी बी विसरलो. मिलची घरघर तेवढी. कडूबाई शेळी घेऊन दारात आली, फळीच्या बाहेर दोन जोडलेले हात बघितले आणि पटकन तिथंच हात जोडून नमस्कार केला, देव आहे असं समजून.

फळीला चिकटलेल्या आप्पांचा दाबलेला आवाज आला.

"सोडू का न्हाई? का इथंच मारती मला?"

"सोडा, सोडा," महानंदा म्हणाली, आणि मोरीच्या दगडावर जाऊन बसली, तोंडात पदराचा बोळा घालून. हसत होती का रडत होती, मी लई वर्षांनी विचारलं तर म्हणाली, दोन्ही.

आप्पांनी श्वास सोडला, शिवदारा गळ्यात घातला, करडगी छातीवर नीट बसवली. मग पाटावर बसले. "वाढ," म्हणाले. कुणाला ते सांगितलं नाही. महानंदानं वाढलं. भाकरी, वरण, शेंगाची चटणी. आप्पा खाली मान घालून जेवले. निम्मी भाकरी झाल्यावर म्हणाले, "कुणाचं बी लिंग जमिनीवर ठिवू देऊ नको. डबीत हाय म्हणून टेबलावर बी न्हाई."

"न्हाई ठेवू देनार," ती म्हणाली.

"आन् आधी सांगायचं, मंग हात लावायचा. म्हाताऱ्या मानसाला दचकवू न्हाई."

"हाव, आप्पा."

एवढंच. नापास झाली, घरी चल, यातलं काही निघालं नाही. दुपारच्या गाडीनं ते रिकामी पिशवी घेऊन गेले. कडूबाईनं त्यांना स्टँडकडं निघताना विचारलं, "काय ठरलं मग?" ते म्हणाले, "दार लई जड हाय तुमचं. तेल घाला."

ते सहा महिने काही मला सुखाचे गेले नाहीत. आता माझी गाडी अजून लांबली होती. मिलमध्ये एका पोत्यावरून भांडण केलं, काम सोडलं, पुन्हा धरलं. संध्याकाळी दाराला मिठी मारायची ती आता मी. हातात लिंबू घेऊन. ती दवाखान्यात म्हाताऱ्यांना शोधून शोधून सराव करायची. हात लावायच्या आधी सांगायची, "आजोबा, पाठीला हात लावते." कुणी नाही म्हटलं नाही, असं तिनं सांगितलं. सगळेच घाबरलेले असायचे, आणि ते फक्त आपल्यालाच माहीत असं प्रत्येकाला वाटायचं.

पुन्हा परीक्षा झाली त्या दिवशी मी कॉलेजच्या बाहेर कडुनिंबाखाली बसलो होतो, बसवेना म्हणून उठलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. रखवालदार म्हणाला, "भाऊ, तुमची परीक्षा हाय का?" महानंदा बाहेर आली ती चांगली सावकाश चालत. मी म्हटलं, "काय झालं? लिंग होतं का?"

"न्हाई हो. औराद शहाजानीकडची एक बाई होती. माळ काढली, उभी राहिली, झालं. तीन वर्षांचा सगळा घोळ, आन् शेवटी बाई. तिला हात बी लावावा लागला न्हाई, स्वतःच खांदे पुढं घेऊन उभी." ती थोडी नाराज झाल्यासारखी वाटली. पास झाली.

मग नांदेडला मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. मला वाटलं होतं, शिक्षण झालं की लोहा. शिक्षण झालं तेव्हा लोहा आणखी लांब गेला. सामान आणायला मी एकटा घरी गेलो. दुकानात आप्पा गल्ल्यावर, तराजूला धाकटा भाऊ, माझ्या जागेवर. त्याचा हात बसला होता, माझ्यापेक्षा चांगला. मी आत पोत्यांच्या मागं माझी ट्रंक शोधत होतो. बाहेर एक जुनं गिऱ्हाईक साखर बांधून घेत होतं.

"आप्पा, थोरला दिसंना झाला. काय करून राहिलं पोरगं?"

"सून यक्सरे काढती नांदेडला," आप्पा म्हणाले. "आपल्या लोकाचे बी काढती. लिंग न उतरवता."

"ते ऐकलं. पोरगं काय करतंय?"

पुडीवर दोरा गुंडाळायचा आवाज येत राहिला, मग थांबला.

"त्यो तिच्या संगं अस्तो."

मला इतका राग आला की मी न जेवताच ट्रंक उचलली. आई दारापर्यंत आली, धपाटे बांधून देते म्हणाली, मी थांबलो नाही. गाडीत बसून नांदेडपर्यंत मी आप्पांना मनात उत्तरं देत होतो. पुढं मी दवाखान्याजवळ लहानसं किराणा दुकान टाकलं, ते चाललं बरं, पण आप्पांच्या त्या बोलण्याला उत्तर म्हणून ते कधी पुरं पडलं नाही. तिला सायकलवर सोडायचो, आणायचो, मग मोटारसायकलवर, मग ती रिटायर झाली तेव्हा रिक्षानं. संध्याकाळी ती सांगायची आज कुणाचा काय फोटो काढला, मी ऐकायचो. चाळीस वर्षं मला कुणी काय करता म्हणून विचारलं तर मी दुकानाचं नाव सांगायचो.

आता विचारायला कुणी येत नाही. आलं, तर आप्पांचंच उत्तर देईन, तिच्या संगं होतो. तेच एक काम मला आलं, आणि ते मी चांगलं केलं. ते सुटलं. या वयात दुसरं शिकणं होत नाही.